कानावर पडलेला पुरावा : रूपर्ट होम्स यांची ‘स्विंग’ आणि फिरत्या बँडमधलं खूनरहस्य

आजचं पुस्तक आहे रूपर्ट होम्स यांची ‘स्विंग’ ही इंग्रजी कादंबरी. ती 2005 साली आली, कथानक 1940 सालचं. रहस्यकथा आहे, तेव्हा सुरुवातीलाच एक शब्द देऊन ठेवतो : खुनी कोण, हे आम्ही सांगणार नाही. त्याची आज गरजही नाही. आपला प्रश्न निराळा आहे. खुनाची गोष्ट सांगायला लेखकानं गावोगाव फिरणारा बँडच का निवडला? आणि ती निवड केल्यावर त्या काळातल्या वादकांना या गोष्टीत न्याय मिळतो का?

हा प्रश्न एका कादंबरीपुरता नाही. ऐतिहासिक रहस्यकथा हा प्रकार आज खूप वाचला जातो. जुना काळ, जुने कपडे, जुनी गाणी आणि मधे एक प्रेत. वाचताना आपल्याला वाटतं की आपण इतिहासही शिकतोय. हे वाटणं कितपत खरं आहे, ते या कादंबरीच्या निमित्तानं तपासून बघू.

आधी कथानक, जेवढं उघड करायला हरकत नाही तेवढं. रे शेरवूड हा सॅक्सोफोनवादक आणि अरेंजर. जॅक डॉनोव्हन ऑर्केस्ट्रा नावाच्या फिरत्या बँडमध्ये तो वाजवतो. मागे एक मोठं खाजगी दुःख सोडून आलेला माणूस. एका जागी न थांबणं हेच त्याचं औषध. बँडचा मुक्काम सॅन फ्रान्सिस्कोच्या पलीकडच्या किनाऱ्यावर, बर्कली आणि ओकलंडच्या सीमेवरच्या क्लेअरमाँट हॉटेलात असतो. तिथे गेल प्रेंटिस ही बर्कलीतली विद्यार्थिनी त्याच्याशी संपर्क साधते. तिच्या ‘स्विंग अराउंड द सन’ या रचनेला बक्षीस मिळालेलं आहे, ती ‘ट्रेझर आयलंड’वरच्या जागतिक प्रदर्शनात वाजायची आहे, आणि वाद्यवृंदासाठी ती बांधून देणारा माणूस हवा आहे. रे प्रदर्शनात जातो आणि तिथल्या ‘टॉवर ऑफ द सन’ या मनोऱ्यावरून एक बाई खाली कोसळून मरते. इथून गोष्ट सुरू होते.

आणि एक विशेष : पुस्तकासोबत एक सीडी येते. कादंबरीतलं संगीत त्या सीडीवर आहे, ते होम्स यांनी स्वतः रचलेलं आहे, आणि रहस्याचे काही धागे त्या संगीतात आहेत. म्हणजे पुरावा वाचायचा नाही, ऐकायचा. याच्याकडे आपण परत येऊ. आधी बँडकडे.

फिरता बँड म्हणजे काय

बेनी गुडमनच्या बँडनं 21 ऑगस्ट 1935 रोजी लॉस एंजेलिसच्या ‘पॅलोमार’ बॉलरूममध्ये धमाल उडवून दिली. ‘स्विंग युग’ तिथून सुरू झालं असं साधारण मानतात. असलं कुठलंही युग एका रात्रीत सुरू होत नाही. पण तारीख लक्षात ठेवायला बरी. पुढची दहा वर्षं अमेरिकेत नाचाचं संगीत म्हणजे मोठे बँड. तेरा-चौदा, कधी सोळा वादक. एका बाजूला ट्रंपेट आणि ट्रॉम्बोन, पुढे सॅक्सोफोनची रांग, मागे पियानो, गिटार, बास, ड्रम. रेडिओ आणि रेकॉर्डमुळे नाव व्हायचं, पण पोट भरायचं दौऱ्यावर. आज या गावी कार्यक्रम, रात्री बसमध्ये बसायचं, उद्या तीनशे मैलांवरच्या दुसऱ्या गावी. याला ते ‘वन नाइट स्टँड’ म्हणायचे. एका रात्रीपुरतं गाव.

आता रहस्यकथा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांनी याच्याकडे बघा. रहस्यकथेला नेहमी एक बंदिस्त जागा लागते. बेट, बर्फात अडकलेली आगगाडी, पावसात रस्ता बंद झालेला बंगला. कारण संशयित मोजके हवेत. पण आगगाडीतले प्रवासी एकमेकांना अनोळखी असतात, निदान तसं दाखवतात. बँडचं उलट आहे. इथे प्रत्येकाला प्रत्येकाचं सगळं ठाऊक असतं : कोण किती पितो, कोणी कोणाकडून उसने घेतलेत, कोणाचं बायकोचं पत्र आलं नाही. आणि तरीही हा सगळा समूह ज्या गावात उतरतो, तिथे कोणालाच त्याच्याबद्दल काही माहीत नसतं. आत पूर्ण उघडा, बाहेर पूर्ण अनोळखी. सकाळी निघूनही जाणार. साक्षीदार म्हणून गैरसोयीचा, संशयित म्हणून एकदम सोयीचा.

बिली वाइल्डरचा 1959चा ‘सम लाइक इट हॉट’ पुष्कळांनी पाहिला असेल. त्यातले दोन वादक 1929 च्या शिकागोत खुनी टोळीचं हत्याकांड पाहतात आणि जीव वाचवायला बायकांचे कपडे घालून एका फिरत्या महिला बँडमध्ये शिरतात. चित्रपट विनोदी आहे, पण त्याची मूळ कल्पना पक्की आहे : लपायचं असेल तर फिरत्या बँडसारखी जागा नाही. रोज रात्री शेकडो लोकांसमोर उजेडात बसायचं, आणि तरी कोणी आपल्याला बघत नाही. लोक बँड बघतात. तिसऱ्या खुर्चीवरचा माणूस कोणी बघत नाही.

होम्स यांचा नायक त्या तिसऱ्या खुर्चीवरचा माणूस आहे. शिवाय तो अरेंजर आहे, आणि आमच्या मते या कादंबरीतली सर्वांत नेमकी निवड हीच.

अरेंजर हाच गुप्तहेर

अरेंजर म्हणजे काय, हे हिंदी चित्रपटसंगीत ऐकणाऱ्या मराठी श्रोत्याला फार समजावून सांगायला नको. चाल संगीतकाराची, पण मधले तुकडे कुठे, व्हायोलिन किती, ट्रंपेट कधी उठणार, हे ठरवून प्रत्येक वादकाच्या हातात त्याचा कागद देणारा माणूस वेगळा. शंकर-जयकिशन यांच्यामागे सेबॅस्टियन डिसूझा होते. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (1951) मधल्या उडत्या गाण्यांमागे चिक चॉकलेट यांचा हात होता. हे गोव्याचे लोक होते, आणि त्यांच्या पिढीनं हे संगीत केवळ रेकॉर्ड ऐकून उचललं नाही. 1935 साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या मागून टेडी वेदरफर्डसारखे वादक आले; वेदरफर्डला 1945 साली कलकत्त्यात मरण आलं. आज आपण ज्या फिरत्या वादकांबद्दल बोलतोय, त्यांच्या फेऱ्यांचा एक फाटा असा अपोलो बंदरापर्यंत आलेला होता.

तर अरेंजर. त्याचं काम दोन दिशांनी चालतं. प्रत्येक वादकाला स्वतःची एक ओळ दिसते, डावीकडून उजवीकडे. अरेंजरला सगळ्या ओळी एकाखाली एक दिसतात, वरून खाली. दुसऱ्या ट्रॉम्बोनवाल्याला आपण आत्ता काय वाजवतोय ते माहीत असतं, का वाजवतोय ते माहीत नसतंच असं नाही, पण पूर्ण चित्र त्याच्या कागदावर नसतं. साक्षीदारांचंही असंच असतं. प्रत्येकाकडे आपापली एक ओळ. त्या ओळी एकाखाली एक मांडून बेसूर कुठे लागतोय ते ऐकणं, याला आपण तपास म्हणतो.

आणखी एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण ती फार गमतीची आहे. सॅक्सोफोनच्या कागदावर जो स्वर लिहिलेला असतो, तो ऐकू येत नाही. आपल्या पेटीच्या भाषेत बोलू. आल्टो सॅक्सोफोनवाल्यासमोर ‘पांढरी एक’ लिहिलेली आहे. तो ती वाजवतो आणि कानावर येते ‘काळी दोन’. टेनरवाल्यासमोर तीच ‘पांढरी एक’, आणि ऐकू येते ‘काळी पाच’, तीही खालच्या सप्तकात. ही चूक नव्हे, त्या वाद्यांची रीतच तशी आहे. म्हणून अरेंजरला आयुष्यभर एक हिशेब करत राहावा लागतो : लिहिलंय एक, ऐकू येतंय दुसरं. असा माणूस, ज्याला कागद आणि कान यांच्यातला फरक रोजच्या भाकरीसारखा सवयीचा आहे, तो रहस्यकथेचा नायक व्हावा हे किती योग्य आहे बघा. दुसऱ्या कादंबऱ्यांमध्ये गुप्तहेराला पियानो किंवा व्हायोलिन वाजवण्याचा छंद असतो. तो छंद काढून टाकला तरी गोष्टीचं काही बिघडत नाही. इथे व्यवसाय काढला तर गोष्टच उभी राहत नाही.

ऐकायचा पुरावा आणि सरळ खेळ

आता सीडी. रहस्यकथेत लेखक आणि वाचक यांच्यात एक अलिखित करार असतो. खरं तर तो लिहूनही ठेवलेला आहे : एस. एस. व्हॅन डाइन यांनी 1928 मध्ये वीस नियम मांडले, रोनाल्ड नॉक्स यांनी 1929 मध्ये दहा. सार एकच : गुप्तहेराला जे दिसलं, ते वाचकालाही दिसलं पाहिजे. सरळ खेळ.

मग 1936 साली इंग्लंडमध्ये डेनिस व्हीटली आणि जे. जी. लिंक्स यांनी ‘मर्डर ऑफ मायामी’ काढलं. ते पुस्तक नव्हतंच, पोलिसांची फाइल होती. तिच्यात टंकलिखित अहवाल, तारा, आणि खरोखरच्या वस्तू : केस, जळकी काडी, डाग पडलेला कापडाचा तुकडा. उत्तर शेवटी मोहोरबंद. होम्स यांच्या सीडीची पणजी म्हणायची तर ही फाइल. आणि दुसरं घराणं डोरोथी सेयर्स यांचं : ‘द नाइन टेलर्स’ (1934) मध्ये चर्चच्या घंटा वाजवण्याच्या क्रमात सांकेतिक मजकूर दडवलेला आहे. म्हणजे हाताळायचा पुरावा आणि संगीतातला संकेत, दोन्ही कल्पना नेमक्या स्विंग युगातल्याच. होम्स यांनी दोन्ही एकत्र केल्या.

त्यांनी हे का केलं असावं, ते त्यांच्या आधीच्या कामावरून कळतं. त्यांचे वडील अमेरिकी सैन्यात बँडमास्टर होते. स्वतः होम्स आधी गीतकार-गायक, मग रंगभूमीकडे वळले. डिकन्स 1870 साली वारला तेव्हा ‘एडविन ड्रूड’ अर्धी राहिली, खुनी कोण ते कळलंच नाही. होम्स यांनी 1985 मध्ये तिच्यावर संगीतिका केली आणि शेवट प्रेक्षकांच्या मतदानावर सोडला! रोज रात्री वेगळा खुनी निघू शकतो. म्हणजे वाचकाला, प्रेक्षकाला आत ओढून घेणं ही त्यांची जुनी खोड. ‘ड्रूड’मध्ये त्यांनी हात वर करायला लावले, इथे कान टवकारायला लावतात.

हा प्रयोग साधला का? आमचं उत्तर : अर्धा साधला, पण साधलेला अर्धा मोलाचा आहे.

न साधलेला भाग आधी. जळकी काडी हातात धरता येते, उलटसुलट करून बघता येते. संगीत वेळेत घडतं आणि जातं. त्यात दडवलेली खूण शोधायची तर स्वरांची नावं ओळखणारा कान हवा, आणि तो बहुसंख्य वाचकांकडे नसतो. मग सरळ खेळाच्या कराराचं काय? पुरावा समोर ठेवलाय हे खरं. पण निरक्षरासमोर चिठ्ठी ठेवण्यासारखं ते आहे. काखेत कळसा आहे, पण तो कळसा आहे हे कळायला शिक्षण लागतं. शेवटी सामान्य वाचक नायकाच्या स्पष्टीकरणावर विसंबून राहतो, म्हणजे करार होता तिथेच येतो.

आता साधलेला भाग. कादंबरी वाचून झाल्यावर तुम्ही ते संगीत पुन्हा ऐकता. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते छान जुन्या धाटणीचं नाचाचं संगीत होतं. पाय हलत होते. दुसऱ्यांदा ऐकताना पाय हलत नाहीत. तेच स्वर, तीच लय, पण आता तुम्हाला ठाऊक आहे की ह्यात माणसाच्या मरणाशी जोडलेलं काहीतरी आहे. उत्तर कळल्यावर बहुतेक रहस्यकथा संपतात. ही कादंबरी उत्तर कळल्यावर एकदा परत ऐकायला लावते. संकेताच्या हुशारीपेक्षा आम्हाला ही गोष्ट मोठी वाटते. ऐकणं निष्पाप राहत नाही, हा अनुभव नुसत्या छापील पानानं देता आला नसता.

दोन घड्याळं

जागेबद्दल थोडं. ‘गोल्डन गेट इंटरनॅशनल एक्स्पोझिशन’ 18 फेब्रुवारी 1939 ला सुरू झालं. खाडीवर नुकतेच दोन प्रचंड पूल झाले होते, 1936 चा बे ब्रिज आणि 1937 चा गोल्डन गेट. त्याचा हा उत्सव. त्यासाठी खाडीतला गाळ उपसून चारशे एकरांचं बेटच तयार केलं. मधोमध चारशे फुटांचा ‘टॉवर ऑफ द सन’, त्यात 44 घंटांचा संच. प्रदर्शन संपल्यावर त्या घंटा सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथीड्रलमध्ये गेल्या. सेयर्सबाईंच्या घंटांची इथे आठवण होते. प्रदर्शनाचा विषय होता प्रशांत महासागराभोवतालच्या देशांची मैत्री. जपानचंही दालन होतं.

पहिला हंगाम चालू असतानाच युरोपात युद्ध पेटलं. दुसरा हंगाम 25 मे ते 29 सप्टेंबर 1940. कादंबरी या दुसऱ्या हंगामातली. त्यानंतर सव्वा वर्षाच्या आत पर्ल हार्बर, आणि ते मैत्रीचं बेट नौदलाच्या ताब्यात. शेजारच्या बर्कलीत तेव्हा काय चाललं होतं? सायक्लोट्रॉन बांधणाऱ्या अर्नेस्ट लॉरेन्स यांना 1939 चं नोबेल मिळालं होतं, आणि युद्धामुळे तो सन्मान त्यांना फेब्रुवारी 1940 मध्ये बर्कलीतच देण्यात आला.

यामुळे या कादंबरीत दोन घड्याळं चालतात. खुनाच्या बाबतीत आपण पात्रांच्या मागे आहोत. त्यांना कळेल तेव्हा आपल्याला कळेल. इतिहासाच्या बाबतीत आपण त्यांच्या पुढे आहोत. ते नाचतायत आणि आपल्याला डिसेंबर 1941 दिसतोय. चांगल्या ऐतिहासिक रहस्यकथेची ताकद या दोन घड्याळांच्या फरकात असते. भंपक कादंबरीत जुना काळ म्हणजे नुसते पडदे. इथे तो तसा नाही. गाळावर बांधलेलं, दिव्यांनी सजवलेलं, मोडण्यासाठीच उभं केलेलं ते शहर स्वतःच एक खूण आहे.

दिव्याखालचा अंधार

आता आमची तक्रार. ती या कादंबरीपेक्षा तिच्या जातकुळीबद्दल जास्त आहे.

क्लेअरमाँटसारख्या हॉटेलात मुक्काम करणारे बँड बहुधा गोऱ्यांचे असत. त्याच वर्षी त्याच रस्त्यांवरून कृष्णवर्णीयांचे बँड फिरत होते, आणि त्यांच्यासाठी प्रत्येक गाव म्हणजे आधी एक प्रश्न असायचा : आज झोपायचं कुठे? ड्यूक एलिंग्टन आणि कॅब कॅलोवे यांना परवडत होतं, म्हणून ते दक्षिणेत आगगाडीचे खास डबे घेऊन फिरत आणि डब्यातच राहत. ज्यांना परवडत नव्हतं ते बसमध्ये झोपत. कुठे खायला मिळेल, कुठे खोली मिळेल, याचं ‘ग्रीन बुक’ हे मार्गदर्शक 1936 पासून निघत होतं. बिली हॉलिडे 1938 मध्ये आर्टी शॉ यांच्या गोऱ्या बँडबरोबर गात होती. न्यूयॉर्कच्या लिंकन हॉटेलात तिला मालाच्या लिफ्टनं वर जायला लावलं. गाणं पुढच्या बाजूनं, गाणारी मागच्या. तिनं बँड सोडला. लॉस एंजेलिसमध्ये तर वादकांच्या संघटनाही रंगाप्रमाणे दोन होत्या. त्या 1953 मध्ये एक झाल्या.

‘सम लाइक इट हॉट’मधलं वेषांतर आठवा आणि हे ऐका. ‘इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ रिदम’ हा खराखुरा महिला बँड 1937 मध्ये मिसिसिपीतल्या पायनी वुड्स शाळेत तयार झाला. पुढे त्यात गोऱ्या वादक स्त्रियाही आल्या. दक्षिणेत गोऱ्या आणि काळ्या स्त्रियांनी एकत्र प्रवास करणं हा गुन्हा ठरायचा, म्हणून त्या गोऱ्या मुली पोलिसांना चुकवायला चेहऱ्यावर गडद रंग लावत. चित्रपटातल्या दोघांचं वेषांतर हसण्यासाठी होतं. यांचं तुरुंग टाळण्यासाठी.

आता सांगा, या काळातलं मोठं गुन्हेगारी रहस्य कुठलं? मनोऱ्यावरून पडलेली बाई, की हे? इथे गुन्हेगार माहीत होता, पुरावा दाराच्या पाटीवर लिहिलेला होता, आणि खटला नव्हता. रहस्यकथेला असा गुन्हा चालत नाही. तिला एक मृत्यू हवा, एक उत्तर हवं, आणि उत्तरानंतर व्यवस्था पुन्हा जागेवर बसायला हवी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. बॉलरूमचा दिवा जितका लखलखीत, तितका मागच्या दाराशी अंधार.

तुम्ही म्हणाल, एका मनोरंजक कादंबरीवर इतकं ओझं कशाला? बरोबर आहे. पण हे ओझं उचलून बघणारी कादंबरीही आहे, म्हणून हे बोलतोय. वॉर्डेल ग्रे हा टेनर सॅक्सोफोनवादक 1921 चा जन्म. अर्ल हाइन्स, बेनी गुडमन, काउंट बेसी, सगळ्यांकडे वाजवलेला, म्हणजे स्विंगच्या शाळेतून बाहेर पडलेला माणूस. 24 मे 1955 ला लास व्हेगसमध्ये ‘मुलां रूज’ सुरू झालं, काळ्या-गोऱ्या दोघांना प्रवेश असलेलं तिथलं पहिलं हॉटेल-कॅसिनो. बेनी कार्टर यांच्या बँडमध्ये ग्रे तिथे वाजवायला आला होता. दुसऱ्याच दिवशी त्याचा मृत्यू झाला. शव शहराबाहेरच्या वाळवंटात सापडलं, मान मोडलेली. खून म्हणून ते प्रकरण उभं राहिलं नाही, आणि शंका काही गेली नाही. बिल मूडी या ड्रमवादक लेखकानं 1995 मध्ये ‘डेथ ऑफ अ टेनर मॅन’ लिहिली. त्यातला पियानोवादक इव्हान हॉर्न चाळीस वर्षांनी हे प्रकरण उकरून काढतो.

या दोन पुस्तकांत मोठा फरक आहे. होम्स यांच्या कादंबरीत मृत्यू रचलेला आहे, म्हणून तो सुटतो. मूडी यांच्यापुढे मृत्यू खरा आहे, म्हणून कथेतला गुप्तहेर काहीही म्हणो, वाळवंटातलं ते प्रेत तसंच राहतं. रचना म्हणून ‘स्विंग’ कितीतरी सरस आहे. पण पुस्तक मिटल्यावर एका खऱ्या माणसाचं नाव तुमच्याजवळ राहतं, ते दुसऱ्या पुस्तकामुळे.

मग निकाल काय

‘स्विंग’ला आम्ही नापास करणार नाही. कारण तिच्या मुळाशी एक असा व्यवहार आहे, ज्यात त्या युगाचं दुखणं नकळत उतरलंय. एक अनोळखी मुलगी आपली चाल घेऊन येते. एक पगारी अरेंजर ती बँडसाठी बांधायला घेतो. चाल कोणाची, बांधणी कोणाची, टाळ्या कोणाला? स्विंग युगाचा खरा इतिहास या तीन प्रश्नांत मावतो. फ्लेचर हेंडरसन हा कृष्णवर्णीय बँडनायक आणि अरेंजर पैशाच्या अडचणीत आला, आणि त्याची बांधणी गुडमनच्या बँडकडे गेली. गुडमननं त्याचं नाव कधी लपवलं नाही, ऋण मोकळेपणानं मान्य केलं, हेही सांगायला हवं. पण ‘स्विंगचा राजा’ ही पदवी गुडमनला मिळाली. यात कोणी कोणाचा खून केलेला नाही. तरी वरून खाली वाचलं तर कुठेतरी एक ओळ गाळलेली दिसते.

आणि ती ओळ दिसायला लागते हेच या कादंबरीचं देणं. तिनं आपल्याला अरेंजरसारखं वाचायला शिकवलं : पुढचा ट्रंपेट ऐका, पण खालच्या ओळीत कोण काय वाजवतंय तेही बघा, कागदावर काय आहे आणि कानावर काय येतंय, यातला फरक मोजा. तिनं दिलेलं हे हत्यार आपण तिच्याच काळावर चालवलं, तर त्यात कादंबरीचा अपमान नाही. उलट ती चांगली लिहिली आहे म्हणूनच हे करता आलं.

*व्याख्यानानंतर श्रोत्यांमधून विचारलेला एक प्रश्न : आम्हाला पाश्चात्त्य स्वरलिपी अजिबात येत नाही. मग ही कादंबरी वाचून उपयोग आहे का?*

आहे. स्वरलिपी न येणाऱ्यानं फक्त एवढं करावं. आधी संगीत ऐकावं, कादंबरीला हात न लावता. मग कादंबरी वाचावी. मग पुन्हा ऐकावं. कोडं सुटणार नाही कदाचित, पण दुसऱ्यांदा ऐकताना काय बदललं, ते एका कागदावर लिहून ठेवा. तेवढं जमलं तर अर्ध्याहून अधिक कादंबरी हाती लागली म्हणायची. आणि जमलंच तर त्यानंतर वॉर्डेल ग्रेची एखादी रेकॉर्ड लावा. तिच्यात कुठलाही संकेत दडवलेला नाही. तरीही नीट ऐका.